गाडीत पाणी येतंय? गोव्याच्या पावसात गळती शोधायची कशी, बुजवायची कशी

चवथीच्या आदल्या दिवशी आत्याला घेऊन डिचोलीहून म्हापशाला निघालो होतो, माटोळीचं, म्हणजे गणपतीच्या वर बांधतात त्या फळापानांच्या मांडणीचं, सामान आणायला. पुढच्या डाव्या सीटवर बसून तिने चपला काढल्या, पाय खाली टेकवले आणि लगेच वर उचलले. "अरे, ही गाडी आहे की खाजन?" खाजन म्हणजे आमच्याकडची खाडीकाठची पाणथळ शेतजमीन. मॅट उचलून कार्पेटवर तळवा दाबला, तर बोटांच्या फटींतून पाणी वर आलं.

एका गॅरेजात दाखवली. पाऊस पडला की ओलं होतं, पुढेच होतं, म्हणजे पुढच्या काचेतून येतंय, असं त्यांनी ठरवलं. काच काढली, नव्याने चिकटवली, साडेचार हजार घेतले. पुढच्या पावसात कार्पेट पुन्हा तसंच. खरं कारण नंतर सापडलं ते हास्यास्पद होतं. एसीचं पाणी बाहेर सोडणाऱ्या नळीच्या तोंडात कुंभारीण माशीने मे महिन्यात मातीचं घर बांधलं होतं. पावसात आपण काचा बंद करतो, समोरची काच धुरकट होते म्हणून एसी लावतो. त्यामुळे एसीचं पाणी नेमकं पावसाच्याच दिवशी आत साचत होतं. गॅरेजवालाही फसला, मीही फसलो.

तेव्हापासून ओळखीच्यांच्या बऱ्याच गाड्या अशा उघडून पाहिल्या. माझं मत असं झालंय की, गाडी ही काही हवाबंद डबा नाही. ती आपल्या कौलारू घरासारखी आहे. पाणी येणार हे धरूनच बनवणाऱ्याने तिला पन्हळी आणि मोऱ्या दिलेल्या असतात. दाराच्या आत पाणी शिरतं, वायपरखाली शिरतं, सनरूफच्या कडेने शिरतं, आणि ठरलेल्या वाटेने बाहेर पडतं. गळती बहुतेक वेळा नव्याने पडलेल्या भोकामुळे नसते. जुनी वाट तुंबलेली असते. म्हणून सिलिकॉनची ट्यूब हातात घेऊन सुरुवात करू नका. आधी वाट शोधा.

पाणी कसलं आहे ते आधी ओळखा

पांढरा टिश्यू किंवा जुन्या बनियनचा तुकडा ओल्या जागी दाबून उजेडात बघा.

स्वच्छ, वास नसलेलं पाणी आणि ओल फक्त पुढच्या डाव्या पायाशी असेल, तर पहिला संशय एसीवर. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांत कूलिंग कॉइल डॅशबोर्डच्या मधल्या किंवा डाव्या भागात असते.

पाणी मातकट असेल, त्यात पानांचा चुरा किंवा तांबडी गाळवट असेल, तर ते बाहेरून आलेलं आहे. आपल्या तांबड्या मातीचा एक फायदा म्हणजे पाणी वाळलं तरी त्याची रेघ उरते. कार्पेटखालच्या पत्र्यावर ती रेघ उलट्या दिशेने धरून गेलात, तर निम्मं काम झालं.

तिसरा प्रकार चिकट, हिरवट किंवा गुलाबी आणि गोडसर वासाचा. हे पाणी नाही, इंजिन थंड ठेवणारं कूलंट आहे. हीटरचा छोटा रेडिएटर डॅशबोर्डच्या आत असतो. गोव्यात हीटर कोणी लावत नसलं तरी बहुतेक गाड्यांत कूलंट त्यातून फिरतच असतं. अशा वेळी समोरच्या काचेवर आतून तेलकट धुकं धरतं आणि बॉनेटखालच्या बाटलीतली पातळी हळूहळू उतरते. हे घरी करायचं काम नाही. इंजिन गरम असताना टोपण उघडू नका, लेव्हल बघा आणि सरळ गॅरेज गाठा. कूलंट संपून इंजिन तापलं तर खर्च भलत्याच घरात जातो.

गाडी कोरडी करा, मगच शोधा

नवखे लोक हीच पायरी गाळतात. कार्पेटखाली जाड फोम किंवा नमदा असतो आणि तो स्पंजासारखा लिटरच्या लिटर पाणी धरून ठेवतो. तो ओला असताना नवं पाणी कुठून आलं हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. शिवाय गाडी चढाला लागली की पाणी मागे जातं, उताराला पुढे येतं. चोर्ला घाट उतरून आलेल्या गाडीत पुढे ओल दिसली, म्हणून गळती पुढेच आहे असं नाही.

दाराखालची प्लॅस्टिकची पट्टी वर ओढली की ती क्लिपांमधून सुटते. तिथून कार्पेटची कड उचला, खाली विटेचा तुकडा किंवा नारळाची करवंटी सारून ठेवा म्हणजे हवा खेळेल. पाणी जुन्या टॉवेलने टिपून घ्या. ओला-सुका व्हॅक्युम क्लीनर मिळाला तर उत्तमच. मग गाडी छपराखाली उभी करून घरातला टेबलफॅन आत सोडा. जुलैत हवाच ओली असते, त्यामुळे नुसत्या काचा उघड्या ठेवून काही वाळत नाही. पंखा दोन-तीन दिवस चालू द्या.

सीट काढायची वेळ आली तर थांबा. सीटखालच्या वायरींत पिवळ्या रंगाचा प्लग दिसला तर तो एअरबॅग किंवा सीटबेल्टच्या यंत्रणेचा आहे. आधी गाडी बंद, मग बॅटरीची निगेटिव्ह तार काढा, दहा-पंधरा मिनिटं जाऊ द्या आणि मगच त्याला हात लावा. प्लग सुटलेला असताना चावी फिरवू नका, नाहीतर डॅशबोर्डवर एअरबॅगचा दिवा पेटून बसतो आणि तो विझवायला स्कॅनरवाल्याकडे जावं लागतं. खात्री नसेल तर सीट राहू दे, कार्पेटच्या कडा उचलूनही पुष्कळ दिसतं.

आधी एसी तपासा, पाइप नंतर

गाडी कोरडी झाली की पाऊस नसताना, निदान छपराखाली, एसी फुल्ल लावून पंधरा मिनिटं गाडी सुरू ठेवा. छप्पर म्हणजे उघडा मांडव. बंद गॅरेजात इंजिन सुरू ठेवू नका, धुराने जीव जाईल.

आता वाकून गाडीखाली बघा. पुढच्या भागात ठिबकून छोटं थारोळं झालं पाहिजे. आपल्या दमट हवेत एसीचं पाणी भरपूर पडतं, धार नसली तरी टपटप चांगली असते. खाली जमीन कोरडी आणि आत मॅट ओली, म्हणजे चोर सापडला.

नळी बहुधा इंजिन आणि आतला भाग यांच्यामधल्या आडव्या पत्र्यातून बाहेर येते. टोकाला रबराचं वाकडं बोंड असतं. गाडी नुसत्या जॅकवर उचलून खाली शिरू नका. रॅम्प किंवा पिटवाल्याकडे जा, नाहीतर बॉनेट उघडून वरूनच हात पोचतो का ते बघा. इंजिन थंड हवं. गवत कापायच्या यंत्राची नायलॉनची तार मिळते, ती हलक्या हाताने आत सारा, फिरवा, ओढा. लोखंडी तार नको, एक टोचा चुकून कॉइलला बसला तर गॅस जातो आणि एसीचं बिल वेगळं येतं. माझ्या गाडीत तार अंगठ्याएवढी आत गेली, आधी तांबडी माती आली, मग तांब्याभर काळपट पाणी भस्सकन माझ्या मनगटावरून कोपरापर्यंत. बाजूला उभा राहून मजा बघणारे गॅरेजवाले बाब एवढंच म्हणाले, "उदक आपली वाट सोदता." पाणी आपली वाट शोधतंच. साडेचार हजारांचा विषय मी काढला नाही.

वायपरखालचं ताट

बॉनेट आणि काच यांच्यामध्ये काळी जाळी असते. तिच्याखाली पन्हळ असते आणि पन्हळीच्या दोन टोकांना पाणी जायची भोकं. एसीची बाहेरची हवाही इथूनच आत ओढली जाते. पन्हळ तुंबून पाणी चढलं, की ते ब्लोअरच्या, म्हणजे एसीच्या पंख्याच्या, तोंडातून थेट पायाशी उतरतं. ब्लोअरमधून गुळगुळ आवाज आला किंवा आतली हवा गाळणारा केबिन फिल्टर ओला निघाला, तर हेच झालंय.

गाडी कुठल्या झाडाखाली उभी असते त्यावर बरंच ठरतं. आंब्याखाली मोहोर, गुलमोहराखाली ती बारीक पानं, किनाऱ्याकडे सुरूच्या सुया. फणसाचं मोठं पान जाळीत अडकतं, हाताने उचलता येतं. त्रास बारकाईचा होतो. ती जाळीतून खाली जाते, पहिल्या पावसात कुजते आणि शेणकुटासारखा थर धरते.

जाळी उघडायला बऱ्याच गाड्यांत वायपरचे हात काढावे लागतात. ते कुठे होते त्याची खूण काचेवर चिकटपट्टीने करून ठेवा, नाहीतर परत बसवताना वायपर एकमेकांना भिडतात. कचरा हाताने काढा. आत ढकलू नका, तो भोकातच जाऊन बसतो. मग मगाने पाणी ओता आणि दोन्ही बाजूंनी चाकाजवळून ते खाली पडतंय का बघा. एका बाजूने पडलं म्हणून समाधान मानू नका.

आता पाइप, खालून वर

एसी आणि पन्हळ निर्दोष ठरली तरच ही परीक्षा. दोन माणसं लागतात, एक बाहेर पाइप घेऊन, एक आत टॉर्च घेऊन. आतल्याने संशयाच्या जागी टिश्यू चिकटवायचे किंवा पत्र्यावर पावडर भुरभुरायची. पाणी आलं की पावडरीत ओघळ उमटतो.

पाण्याची धार साधी ठेवा, बागेला घालतो तशी. सर्व्हिस सेंटरच्या प्रेशर पंपाने परीक्षा करू नका, त्या जोरापुढे धडधाकट रबरही हार मानतं. आणि सुरुवात खालून करा. दाराची खालची कड, मग काचेची खालची कड, मग काचेच्या बाजू, सगळ्यात शेवटी छप्पर. वरून सुरुवात केली तर पाणी सगळ्याच जागांवरून ओघळतं आणि कुठून शिरलं ते कळत नाही. एका जागी निदान पाच मिनिटं धरा. घाई करणाऱ्याला उत्तर मिळत नाही, कारण काही वाटा लांबच्या असतात.

पाइपाआधी रबराची एक सोपी चाचणी. दाराच्या चौकटीत दहाची नोट ठेवून दार लावा आणि नोट ओढा. घट्ट ओढावी लागली तर रबर ठीक, अलगद सुटली तर तिथे रबर दबून गेलंय किंवा दार खाली आलंय. सगळ्या कडेने असं करत जा. किनाऱ्याकडच्या खाऱ्या हवेत आणि उन्हात रबर लवकर कडक होतं; ओल्या फडक्याने पुसून सिलिकॉन ग्रीसचा हात फिरवला तर थोडं मऊ राहतं. फाटलं असेल तर बदला, चिकटवाचिकटवी टिकत नाही.

दार: सगळ्यात जास्त फसवणारी जागा

रायबंदरहून चोडणच्या फेरीबोटीवर गाडी चढवताना उतारावर दारातून खळखळ ऐकू आली, तर ते दार तुंबलंय. पाणी काचेच्या रबरावरून दाराच्या पोटात उतरतं हे ठरलेलंच आहे. खालच्या कडेला असलेल्या दोन-तीन चिरांतून ते बाहेर पडायला हवं. त्या चिरा चिखलाने किंवा गंजू नये म्हणून मारलेल्या अंडरकोटिंगने बुजलेल्या असतात. काडीपेटीची काडी किंवा केबल टाय घालून मोकळ्या करा. एकदा अशा दारातून बादलीचा तळ झाकेल एवढं पाणी आलं, त्यात एक मेलेली गोम होती.

चिरा मोकळ्या असून दाराच्या कडेचं कार्पेट ओलं होत असेल, तर डोअर पॅड, म्हणजे दाराचं आतलं आवरण, उघडावं लागेल. पॅडच्या आत दाराच्या पत्र्यावर प्लॅस्टिकचा पडदा चिकटवलेला असतो. तो दिसायला फालतू वाटतो, म्हणून स्पीकर बसवणारा किंवा काचेची मोटर बदलणारा तो फाडून टाकतो, किंवा परत लावताना चार ठिकाणी बोट दाबून सोडून देतो. पण दाराच्या पोटातलं पाणी खोलीत येऊ न देणारी भिंत तीच आहे. तिची खालची कड पत्र्यावर बाहेरून लोंबती राहिली, तर थेंब घरंगळून पॅडवर आणि तिथून तुमच्या कार्पेटवर येतात. कड पत्र्याच्या फटीतून दाराच्या पोटात खोचलेली हवी, म्हणजे थेंब आत पडून चिरांतून निघून जातात.

पडदा फाटला असेल तर जाड प्लॅस्टिक त्याच आकारात कापा. चिकटवायला ब्युटाइल टेप घ्या, ती काळी, च्युइंगगमसारखी ताणणारी. ती कायम मऊ राहते, परत उघडता येते. सिलिकॉन इथे नको. व्हिनेगरसारखा वास येणाऱ्या साध्या सिलिकॉनने पत्रा गंजू शकतो आणि त्याचा थर राहिला की नंतर दुसरं काहीच त्या जागी धरत नाही. पॅडच्या क्लिपा काढताना दोन-चार तुटतातच, आधीच जास्तीच्या आणून ठेवा.

बाकीच्या जागा

डिकीत पाणी असेल तर स्टेपनी काढून बघा. तळं तिच्या खड्ड्यात असतं, वाट मात्र वर असते. मागच्या दिव्याचं गास्केट, म्हणजे कडेचं सील, हा पहिला संशयित. दिवा धरणारे नट बहुधा दहाच्या पान्याचे असतात. दिवा काढा, कड पुसा, ब्युटाइलचा पट्टा देऊन समान ताण देत बसवा. जास्त आवळलं तर प्लॅस्टिक तडकतं. पाइपाच्या परीक्षेवेळी कोणी तरी टॉर्च घेऊन डिकीत बसून दार लावून घेणं हा उत्तम उपाय, फक्त आतल्याला आतून उघडायचं कसं ते माहीत असू दे आणि चावी बाहेरच्याकडे राहू दे. आमच्याकडे पुतण्या बसला होता आणि चावी आत, त्याच्या खिशात.

हॅचबॅकला मागचा वायपर असेल तर त्याचं पाणी नेणारी बारीक नळी छपराच्या कापडामागून जाते. डिकीच्या बिजागराजवळ ती वाकून वाकून तुटते. पाऊस नसताना मागच्या कोपऱ्यात ओल दिसली, तर वॉशरचं बटण दाबून बघा.

सनरूफवाल्यांनी चारही कोपऱ्यांतल्या नळ्या तपासायच्या. छत उघडून कोपऱ्यात अर्धा कप पाणी ओता. ते गाडीखाली निघालं पाहिजे. तुंबली असेल तर तीच नायलॉनची तार. कॉम्प्रेसरची हवा मारू नका, आतला जोड सुटला की पाणी सरळ खांबातून डॅशबोर्डमागे.

पुढची काच मी मुद्दाम शेवटी ठेवतो. ती कधी बदलली नसेल आणि कडेला गंज नसेल, तर तिचा संशय कमी धरा. बदललेली असेल तर मात्र जास्त. ती पीयू (पॉलियुरेथेन) सीलंटवर बसते आणि अपघातात छपराला व एअरबॅगला आधारही देते, म्हणून हे काम काचवाल्याचंच. वरून सिलिकॉनची रेघ ओढून देणाऱ्याला नाही म्हणा.

तळाच्या पत्र्यात रबराची बुचं असतात. साचलेल्या पाण्यातून गाडी घातल्यावरच मॅट ओली होत असेल, तर एखादं बूच गेलंय किंवा पत्रा गंजून भोक पडलंय. बूच नवं आणा. गंज असेल तर खरवडून, प्रायमर देऊन, डेंटरकडून पत्रा लावून घ्या. वरून डांबर फासलं तर आत गंज चालूच राहतो.

वास

ओल दोन दिवस राहिली की बुरशी धरते. परफ्यूमच्या बाटल्यांवर पैसे घालवू नका, त्याने कुबट वासाला चमेलीचा वास चिकटतो एवढंच. फोम बाहेर काढता आला तर काढा, साबणाच्या पाण्याने धुऊन ऊन मिळेल त्या दिवशी पूर्ण वाळवा. केबिन फिल्टर ओला झाला असेल तर नवा घाला. घरी पोचायच्या पाच मिनिटं आधी एसी बंद करून नुसता ब्लोअर चालू ठेवा, म्हणजे कॉइल थोडी वाळते.

कधी करायचं

गोव्यात वर्षाला साधारण 3000 मिलिमीटर पाऊस पडतो आणि बहुतेक सगळा जून ते सप्टेंबरात. वाळपई-सांग्याकडे किनाऱ्यापेक्षा जास्तच. म्हणून मे महिन्यात घराची कौलं बघतो, पुरुमेताची, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीची, सुकी मासळी आणि सोलं भरतो, त्याच आठवड्यात गाडीला एक सकाळ द्या. पन्हळीत मगाने पाणी, दाराच्या चिरांत काडी, एसीखाली थारोळं, रबराला नोट. घाटावरून नव्याने बदली होऊन आलेल्यांना हे जास्त सांगतो, कारण तिकडे पाच वर्षं चालून जाणारी तुंबलेली नळी इथे पंधरा दिवसांत कार्पेट बुडवते.

दुरुस्ती झाली की लगेच कार्पेट दाबून, सीट आवळून मोकळे होऊ नका. कार्पेटखाली चारही पायांच्या जागी वर्तमानपत्राचं एकेक पान घाला, त्यावर जागेचं नाव पेनने लिहा आणि दोन दणदणीत पाऊस जाऊ द्या. पानं कोरडी निघाली तर फोम परत घाला. एखादं पान सुरकुतलेलं निघालं, तर त्याच जागेपासून पुन्हा पाइप धरा.